क्लोजिंग किती धरायचं?

प्रति,
कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि उद्यमनगरातले फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले आणि सुटे भाग करणारे सगळे छोटे कारखानदार

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो. ऑडिट रिपोर्टची तारीख ३० सप्टेंबर, म्हणून घाई. पलीकडं तुमच्यापैकीच कोणीतरी असतं आणि प्रश्न ठरलेला: "अहो, क्लोजिंग किती धरायचं?"

किती आहे, असं कोणी विचारत नाही. किती धरायचं! क्लोजिंग म्हणजे ३१ मार्चला शॉपमध्ये शिल्लक पडलेल्या मालाचा आकडा. तो सहा महिन्यांनी, केबिनमध्ये बसून, नफा किती दाखवायचा ते आधी ठरवून मग उलटा काढायचा. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, मालाच्या तारणावरचं कर्ज) वाढवून हवी असेल तर थोडा वर, टॅक्स जास्त बसत असेल तर थोडा खाली. असे आकडे मी स्वतः टाइप केलेले आहेत, त्यामुळं साळसूदपणाचा आव आणत नाही. वीस वर्षं एका फौंड्रीच्या (लोखंड वितळवून ओतीव भाग करणाऱ्या कारखान्याच्या) स्टोअरमध्ये काढली आणि गेली तेरा वर्षं पाच-सहा छोट्या युनिटांची अकाउंट्स बघतो. स्टोअरकीपर होतो तेव्हा बिन कार्डावर (एकेका मालाच्या शिल्लकेच्या कार्डावर) पाच किलोचा फरक पडला तरी घरी जाऊन जेवण गोड लागायचं नाही. अकाउंट्सला आल्यावर लाखाचा फरक एका एंटरनं मिटवायला शिकलो. याला बढती म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

हे पत्र लिहायला बसलो ते तीन वर्षांपूर्वीच्या एका नोव्हेंबरमुळं.

मी काम बघतो त्यातल्या एका मशीन शॉपमध्ये सकाळी अकराच्या सुमारास जीएसटीचे पाच अधिकारी आले. बोलणं अगदी सभ्य. पहिलंच वाक्य, "स्टॉक रजिस्टर दाखवा." मालक म्हणाले, "सगळं टॅलीत आहे साहेब." मला बोलावून घेतलं. टॅली उघडली आणि माझ्याच पोटात गोळा आला. कंपनी 'अकाउंट्स ओन्ली'वर चालवलेली, म्हणजे नुसते पैशाचे हिशेब, मालाची नोंद नाही. स्टॉक-इन-हँडमध्ये ३१ मार्चचा एकच आकडा, ४२ लाख, हातानं भरलेला. त्यानंतर आठ महिने कोरे. एप्रिलपासून किती बार आले, किती कापले, किती हब (चाकाच्या मधले भाग) तयार झाले, यातलं काहीच त्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं?

अधिकाऱ्यांनी खरेदीची आणि विक्रीची बिलं समोर घेतली आणि तिथंच हिशेब मांडला, कोणता माल किती असायला हवा त्याचा. मग खाली शॉपमध्ये. प्लॅटफॉर्म काट्यावर आमचीच दोन पोरं माल चढवतायत, एक इन्स्पेक्टर उभ्यानं लिहितोय, असं रात्री नऊपर्यंत चाललं. मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली एका मोठ्या गिऱ्हाइकाचं साडेनऊ टन कास्टिंग (ओतीव नग) होतं. मशिनिंगसाठी आलेलं, जॉब वर्कचं, आमचा त्यात एक रुपया नाही. पण आम्ही विकत घेतलेल्या कास्टिंगलाही तोच तांबडा ऑक्साइडचा रंग मारलेला. कोणतं कुणाचं ते फक्त सुपरवायझर बघून सांगायचा, आणि तो नेमका गावाकडं लग्नाला गेलेला. चलनं, म्हणजे मालाबरोबर येणारे-जाणारे कागद? काही टेम्पोवाल्याकडं, काही वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये, वर चहाच्या कपाचे गोल डाग. झालं, कास्टिंगमध्ये साडेनऊ टन जादा! दुसरीकडं आमचेच तीन टन कापलेले तुकडे हीट ट्रीटमेंटला (तापवून कडक करायला) बाहेर गेले होते. "रोजचाच माणूस आहे" म्हणून चलन केलेलं नव्हतं. ते निघाले कमी. एका दिवशी, एका छपराखाली, माल जादाही आणि कमीही.

लबाडी कुणीच केलेली नव्हती. गिऱ्हाइकाच्या स्टोअरकडून महिनावार पत्रकं मिळवायला, त्यावर त्यांच्या साहेबांची सही घ्यायला, हीट ट्रीटमेंटवाल्याकडून दाखला आणायला पुढं अडीच महिने गेले. मालकांनी त्या काळात एकही नवीन ऑर्डर धड बघितली नाही. शेवटी बहुतेक माल मान्य झाला. जो झाला नाही त्याचा कर, व्याज आणि दंड भरला. तो माल कुणाचा होता हे आम्हाला आजही माहीत नाही, इतकी आमची नोंदवही चोख.

आता कायदा. कंटाळा येईल, पण दोनच परिच्छेद सोसा.

जीएसटी कायद्याचं कलम ३५ सांगतं की नोंदणी असलेल्या प्रत्येकानं उत्पादनाचा, आवक-जावकेचा आणि स्टॉकचा खरा हिशेब धंद्याच्या जागी ठेवायचा. नियम ५६ आणखी खोलात जातो: सुरुवातीची शिल्लक, आलेला माल, गेलेला माल, हरवलेला, चोरीला गेलेला, नासलेला, राइट-ऑफ केलेला, सॅम्पल म्हणून फुकट दिलेला, आणि उरलेला. उरलेल्यात कच्चा माल, तयार माल, स्क्रॅप, वेस्टेज सगळं आलं. कारखानदारानं याशिवाय दर महिन्याचा उत्पादनाचा हिशेब ठेवायचा, किती कच्चा माल वापरला आणि किती माल निघाला याचा, वायाला गेलेल्यासकट. हे सगळं आपल्या फायद्याचं आहे, ते पुढं सांगतो. आधी तोट्याचं. कलम ३५ च्याच पोटकलम ६ मध्ये लिहिलंय की जो माल हिशेबात नाही तो जणू विकलाच असं समजून अधिकाऱ्यानं त्यावर कर ठरवायचा. वर दरसाल १८ टक्के व्याज. चूक मानली तर कराच्या दहा टक्के दंड, तोही किमान दहा हजार. लबाडी मानली तर कराइतकाच दंड. जादा सापडलेला माल थेट सरकारजमा करायला कलम १३० लावू नका, ३५(६) च्या वाटेनं जा, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं अलीकडं अनेकदा बजावलंय. पण ती वाट म्हणजेसुद्धा नोटीस, उत्तर, सुनावणी आणि अपील.

आपल्या भागात जॉब वर्कशिवाय कुणाचं पान हलत नाही, म्हणून कलम १४३ वेगळं सांगतो. प्लेटिंगला, मशिनिंगला, हीट ट्रीटमेंटला पाठवलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे. नाही आला, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तुम्ही तो विकला, असं समजतात. म्हणजे व्याजही त्या दिवसापासून. डाय, जिग, फिक्श्चर याला ही मुदत नाही. बाकी कच्च्या आणि अर्धवट मालाला आहे. आणि "परत आलाय की साहेब" हे सिद्ध करायला चलनाशिवाय दुसरं काही चालत नाही.

एक गंमत लक्षात घ्या. एक्साइज होतं तेव्हा ज्यांची उलाढाल दीड कोटीच्या वर जायची ते सगळे आरजी-१ नावाचं रजिस्टर ठेवायचे. रोज संध्याकाळी तयार मालाची नोंद. मी स्वतः लिहिलंय, खाडाखोड केली तर एका रेघेनं खोडून शेजारी सही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, एक्साइजचा इन्स्पेक्टर गेला आणि आपल्या लोकांनी त्याच्याबरोबर रजिस्टरही निरोप देऊन पाठवलं. नवा कायदा जुन्यापेक्षा जास्त मागतो, फक्त रोज कोणी बघायला येत नाही.

आता फौंड्रीवाल्यांनो, तुमचं दुखणं वेगळं, कारण तुमचा माल भट्टीत जातो आणि त्यातला काही धूर आणि स्लॅग (मळी) होऊन जातो. कागद-पेन्सिल घ्या. समजा वर्षाला ५४० टन चांगलं कास्टिंग गेलं. यील्ड ६५ टक्के. म्हणजे शंभर किलो मेटल ओतलं तर पासष्ट किलो कास्टिंग, बाकी रनर, रायझर (साच्याच्या वाटांत थिजलेलं मेटल) आणि रिजेक्शन. त्यासाठी ८३१ टन मेटल ओतावं लागलं. मेल्टिंग लॉस ४ टक्के, तर भट्टीत चार्ज घातला ८६५ टन. ओतलेल्यातलं २९१ टन रनर-रिजेक्शन फिरून भट्टीत आलं. म्हणजे बाजारातून पिग (कच्चं लोखंड), सीआरसी (पत्र्याच्या कापाचं भंगार), बोरिंग (मशिनिंगचा चुरा) मिळून आणलं ५७४ टन. आणलं ५७४, गेलं ५४०. जळालं ३४.

अधिकारी काय करतो? जबाबात तुम्हीच सांगितलेलं असतं, "आमचा लॉस चार टक्के." तो खरेदीवर चार टक्के काढतो आणि त्याला येतात २३ टन. तुमचे गायब आहेत ३४. मधले ११ टन कुठं गेले? तो म्हणतो, बिनबिलाचे विकले. किलोला नव्वद रुपये धरले तरी दहा लाखाला थोडे कमी, त्यावर १८ टक्क्यांनी पावणेदोन लाखांच्या वर जीएसटी, तेवढाच दंड, आणि मग तीच कागदपत्रं इन्कमटॅक्सकडं जातात. प्रत्यक्षात ते ११ टन कुणीच खाल्लेले नाहीत. रनर दुसऱ्यांदा वितळला, दुसऱ्यांदा चार टक्के जळाला, तिसऱ्यांदा वितळला, तिसऱ्यांदा जळाला. खरेदीवर हिशेब केला की लॉस सहा टक्के दिसतो. हे तुमच्या भट्टीवरच्या पोराला ठाऊक आहे, पण ते त्याच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

गोकुळ शिरगावच्या एका जुन्या फौंड्रीत ते कागदावर होतं. भट्टीशेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेली दोनशे पानी वही. कडा जळालेल्या, पानांवर ग्रॅफाइटचे काळे अंगठे. प्रत्येक हीटला (भट्टीच्या एका वितळणीला) एक ओळ: हीट नंबर, पिग किती, सीआरसी किती, बोरिंग किती, रिटर्न किती, फेरो किती, मोल्डमध्ये किती गेलं, पिगिंग किती केलं (उरलेलं मेटल किती बाजूला ओतलं), वीज मीटर सुरुवातीला आणि शेवटी. अक्षर असं की वाचायला भट्टीवाल्यालाच बोलवावं लागलं. तिथंही अधिकारी आले होते. अकरा टनांचाच प्रश्न होता, थोडा इकडंतिकडं. मालकांनी ती वही पुढं ठेवली. साहेबांनी तासभर पानं उलटली, तीन महिन्यांतल्या मधल्याच काही हीट घेऊन बेरजा करून बघितल्या, झेरॉक्स काढून घेतल्या आणि गेले. पुढं एक पत्र आलं, त्याला उत्तर दिलं, विषय मिटला. त्या वहीची किंमत नव्वद रुपये असेल.

वीजबिलावरूनही उत्पादन काढतात. एवढे युनिट जाळले म्हणजे एवढे टन वितळवले असणार, मग बिलं एवढीच का? या वादात आर. ए. कास्टिंग्ज नावाच्या कंपनीचं एक्साइजच्या काळातलं प्रकरण आपल्या कामाचं आहे. खात्यानं टनाला अमुक युनिट असा ठोकताळा लावून चोरटं उत्पादन ठरवलं होतं. न्यायाधिकरणासमोर जे अहवाल आले त्यात एक म्हणे टनाला ५५५ ते १०४६ युनिट, दुसरा म्हणे १८००! नुसत्या विजेवरून उत्पादन ठरवता येत नाही, सोबत दुसरा पुरावा हवा, असा निकाल लागला आणि तो वरच्या कोर्टांतही टिकला. निकाल करदात्याच्या बाजूचा आहे, आनंद आहे. पण ज्याच्या वहीत प्रत्येक हीटचं मीटर रीडिंग आहे त्याला हा निकाल वाचावाच लागत नाही.

भंगाराबद्दल बोलायला नको वाटतं, पण बोलतो. शनिवारी संध्याकाळी टेम्पो येतो, टर्निंग-बोरिंग, एंड पीस, फुटके कास्टिंग भरून जातो, आणि रोख पैसे केबिनच्या ड्रॉवरमध्ये पडतात. त्यातून दिवाळीचा बोनस, गणपतीची वर्गणी, कधी घरातली मोटारसायकल. सगळ्यांना माहीत आहे, सगळे करतात. भंगारावर १८ टक्के जीएसटी आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते हे की भंगाराचं बिल नसलं की तुमचा सगळाच हिशेब बिघडतो. शंभर किलो बार आणला, सत्तर किलोचे नग गेले, तीस किलो कुठं? बिल असतं तर टर्निंग म्हणून दाखवलं असतं. बिल नाही, म्हणून तेच तीस किलो तयार माल म्हणून, तयार मालाच्या भावानं, तुमच्या नावावर चढतात. भंगार तीस-पस्तीस रुपये किलोनं विकलं आणि कर दीड-दोनशे रुपये किलोवर भरला, असा हा धंदा. शिवाय १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी असलेल्या भंगारवाल्यानं नोंदणी असलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं, तर अडीच लाखांवरच्या व्यवहारात दोन टक्के टीडीएस कापून भरायचा आहे. म्हणजे तुमच्या भंगाराची नोंद तुमच्याकडं नसली तरी त्याच्याकडून पोर्टलवर जाणार.

इन्कमटॅक्सकडं वळतो. तिथली भाषा वेगळी, दुखणं तेच. पुस्तकात माल जास्त आणि शॉपमध्ये कमी, तर बिनबिलाची विक्री म्हणून नफा वाढवतात. पुस्तकात कमी आणि शॉपमध्ये जास्त, तर विचारतात की या मालाला पैसा कुठून आणला? उत्तर पटलं नाही की ती 'स्पष्टीकरण नसलेली गुंतवणूक'. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये कायदा बदलून अशा उत्पन्नावरचा कर ६० टक्के केला; अधिभार आणि उपकर धरून तो पुढं ७८ टक्क्यांपर्यंत गेला. वर त्यातून कुठला खर्च किंवा तोटा वजा करता येत नाही. दर पुढंमागं होत असतात, १ एप्रिल २०२६ पासून तर १९६१ चा अख्खा कायदा जाऊन २०२५ चा लागू झालाय आणि कलमांचे आकडेही बदललेत. तुमच्या वर्षाला काय लागू ते सल्लागाराला विचारा. सर्व्हेत (इन्कमटॅक्सच्या जागेवरच्या तपासणीत) जादा सापडलेला माल रोजच्या धंद्यातलाच आहे, तेव्हा धंद्याच्या नेहमीच्या दरानं कर लावा, असं भांडता येतं आणि लोक जिंकलेतही. पण भांडायला कागद लागतो. तिसरा मार्ग याहून वाईट: हिशेब पूर्ण आणि बरोबर वाटत नाही म्हणून पुस्तकंच अमान्य करायची आणि नफा अंदाजानं ठरवायचा. तुमच्या खऱ्या मंदीच्या वर्षालाही मग शेजारच्या शॉपच्या तेजीचा दर लागतो.

तुमचा स्वतःचा ऑडिट रिपोर्ट कधी वाचलाय? फॉर्म ३सीडीतलं ३५ नंबरचं कलम काढा. तिथं कच्च्या मालाची सुरुवातीची शिल्लक, खरेदी, वापर, यील्डची टक्केवारी, तूट किंवा जादा, सगळं किलोत द्यायचं असतं. तुमच्यातल्या निम्म्यांच्या रिपोर्टमध्ये तिथं एकच वाक्य सापडेल, वस्तू असंख्य असल्यानं परिमाणाचा तपशील देणं व्यवहार्य नाही अशा अर्थाचं. ज्याच्या कारखान्यात एकूण चार जातीचे बार आणि अकरा प्रकारचे नग आहेत त्याच्याही रिपोर्टमध्ये असंख्य! अधिकारी रिपोर्ट हातात घेतो तेव्हा पहिल्यांदा हेच पान उघडतो.

सर्व्हेच्या रात्रीची एक सूचना. दमलेला मालक, बाहेर ताटकळलेले कामगार, घरून फोनवर फोन, अशा वेळी "एवढे लाख जाहीर करून टाका" म्हटलं की माणूस सही करतो. असे कबुलीजबाब घेण्यावर भर देऊ नका, पुराव्यावर द्या, असं प्रत्यक्ष कर मंडळानं मार्च २००३ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलंय. सर्व्हेतल्या नुसत्या जबाबाला स्वतंत्र पुराव्याचं मोल नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये कायम केलंय. पण ज्याला आपल्या शॉपमध्ये किती माल आहे हेच ठाऊक नाही, तो समोरच्याच्या आकड्याला 'नाही' तरी कशाच्या जोरावर म्हणणार?

बँकेचं थोडक्यात. दर महिन्याला सीसीसाठी स्टॉक स्टेटमेंट जातं आणि त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल ते ठरतं. बँकेचं मार्जिन वजा जाऊन हवे तेवढे पैसे उचलता यावेत म्हणून स्टॉक वाढवतात. मग मार्चचा आकडा त्याच्याशी जुळायला हवा म्हणून ताळेबंदातही वाढवतात. यंदाचं फुगवलेलं क्लोजिंग पुढच्या वर्षीचं ओपनिंग, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढं फुगवून वर आणखी. एका युनिटमध्ये पाच वर्षांत पुस्तकात ६१ लाखांचा माल जमला आणि शॉपमध्ये जेमतेम २२ लाखांचा. नसलेल्या नफ्यावर पाच वर्षं टॅक्स भरला तो भरलाच. आता उद्या कोणी मोजायला आलं तर ३९ लाखांचा माल बिनबिलाचा विकला असं निघणार. त्या मालकांनी चोरी केली ती स्वतःच्याच घरात.

किमतीचा मुद्दाही आहे. वजन बरोबर असलं तरी भाव कोणता लावायचा? अनेकजण तयार कास्टिंगला नुसता मेटलचा भाव लावतात. ब्रिटिश पेंट्स इंडियाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९० मध्येच सांगितलंय की फक्त कच्च्या मालाच्या किमतीनं तयार आणि अर्धवट माल धरला तर नफ्याचं खरं चित्र येत नाही, कारखान्याचा खर्च त्यात आलाच पाहिजे. तीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली ही सबब चालत नाही. दहा टन कास्टिंग, मेटल बेचाळीस रुपये किलो, वीज-वाळू-मजुरी धरून पासष्ट: फरक दोन लाख तीस हजार. तो पुढच्या वर्षी ओपनिंगमधून परत मिळतो हे खरं. व्याज आणि दंड मात्र परत मिळत नाही. आणि २०२३ पासून अधिकाऱ्याला तुमच्या स्टॉकचं मूल्य कॉस्ट अकाउंटंटकडून काढून आणायला सांगायचा अधिकारही मिळालाय.

रजिस्टर आपल्या फायद्याचं आहे असं वर म्हटलं, ते पुरात कळलं. ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१. पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर एका ओळखीच्या शेडमध्ये गेलो होतो. बेंटोनाइटच्या (साच्याच्या वाळूत मिसळायच्या मातीच्या) पोत्यांच्या थप्पीला तिसऱ्या थरापर्यंत ओल, खालची पोती फुगून फुटलेली, जमिनीवर करड्या चिखलाचा गुडघाभर लगदा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं विचारलं, "खालच्या थरात किती बॅगा होत्या?" मालकांनी लगद्याकडं हात केला. लगदा मोजता येत नाही. ज्यांच्याकडं आवक-वापराची नोंद होती त्यांनी तिच्यावर दावा लावला. आणि नासलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट) परत करावं लागतं, कलम १७(५) प्रमाणं. किती नासलं ते माहीत नसेल तर किती परत करायचं? एकानं घाबरून सगळंच परत केलं, दुसऱ्यानं काहीच नाही. पहिला फुकट बुडाला, दुसऱ्याला नंतर नोटीस आली.

तुम्ही म्हणाल, आम्ही बारा माणसांत शॉप चालवतो, स्टोअरकीपर ठेवायला परवडत नाही. बरोबर आहे. मीही तुम्हाला महागडं सॉफ्टवेअर घ्या म्हणत नाही. फाटकाजवळ एक वही ठेवा, आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक माल तिच्यात लिहिल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. गिऱ्हाइकाच्या जॉब वर्कच्या मालाला वेगळी जागा द्या आणि जमिनीवर पिवळा पट्टा मारा. तो पट्टा त्या नोव्हेंबरात असता तर आमचे अडीच महिने वाचले असते. भंगार टेम्पोत चढायच्या आधी तुमच्या काट्यावर चढू दे, त्याच्या काट्यावर नंतर. महिन्याच्या शेवटी सगळं मोजायला जमत नाही, मान्य. ज्या सात-आठ मालांत तुमचा ऐंशी टक्के पैसा अडकलाय तेवढे मोजा. फरक येईल. येऊ दे. फरक का आला ते त्याच पानावर लिहा. ज्या वहीत बारा महिने एकदाही फरक नाही ती वही मी स्टोअरकीपर म्हणून सांगतो, बसून एका रात्रीत लिहिलेली असते, आणि अधिकाऱ्यालाही ते कळतं.

आपल्या औद्योगिक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. बजेटनंतर हॉलमध्ये व्याख्यान होतं, पुष्पगुच्छ होतो, उपमा-कॉफी होते, नव्या कलमांची यादी पडद्यावर सरकते. यंदा ते राहू दे. त्याऐवजी एखाद्या सभासदाच्या शॉपमध्ये वीस जणांना घेऊन चला आणि एक दुपार तिथला माल खरोखर मोजा. अर्धवट झालेल्या नगाची किंमत कशी काढायची, बोरिंगच्या ढिगाचं वजन कसं घ्यायचं, दुसऱ्याचा माल कसा वेगळा लावायचा, हे खुर्चीत बसून कुणालाच आलेलं नाही. मलाही नाही.

आणि तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगणं, की यंदा सप्टेंबरमध्ये "किती धरायचं" म्हणून फोन करू नका. ३१ मार्चला करा. दुपारी चारला शेवटची हीट झाल्यावर सुरुवात केली तर नऊपर्यंत बारा माणसांचं शॉप मोजून होतं. मी वही आणि खडू घेऊन येतो, तुम्ही दोन पोरं आणि चहा द्या.

आपला नम्र,
एक जुना स्टोअरकीपर

ता. क. त्या दिवसाआधी काट्याचा वैधमापनचा (सरकारी वजनमाप खात्याचा) शिक्का संपला नाही ना ते बघून ठेवा, आणि काट्याखाली एकदा झाडू मारा. मागच्या मार्चला एका शॉपमध्ये पन्नास किलोचं वजन ठेवलं तर काटा सेहेचाळीस दाखवत होता. खाली टर्निंगचा बोळा अडकलेला. कधीपासून, ते कुणालाच सांगता आलं नाही.